शुक्रवारचा केक

निवृत्त होऊन दोन महिने झाले, तरी सिक्स्टेन रोज सकाळी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये नऊच्या कॉफीला जात असे. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले होते, "कधीही ये, दार उघडंच आहे." त्याने ते खरं मानलं.

"लग्न माझ्याशी केलंस की गिअरबॉक्सशी?" बायको, गुनवोर, विचारायची.

"गिअरबॉक्स कमी बोलतो," म्हणत तो निघायचा.

तिला तो घरात नकोसा नव्हता. त्यालाच घरात कुठे बसावं ते कळत नव्हतं.

हल्ली कॉफीच्या टेबलावरही अवघडल्यासारखं होई. गप्पा नव्या इलेक्ट्रिक बसच्या चालत, त्यातलं अर्धं त्याला समजत नसे. तो जुना किस्सा सांगू लागला की मंडळी हसत, पण किस्सा संपायच्या आधीच.

म्हणून त्या शुक्रवारी त्याने पहाटे उठून दालचिनीचे बन भाजले. शुक्रवारी एकेकाने पाळीने घरून काही भाजून आणायचं, ही रीत त्यानेच घालून दिली होती. दुसऱ्याची पाळी घेणं म्हणजे त्याचा अपमान, हेही त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. पण आज पाळी कोणाची, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

"अरे वा, म्हातारबा! पेन्शनीत बेकरी काढलीस की काय?" त्याने टेबलावर टोपली ठेवताच कोणीतरी ओरडलं.

टोपलीवर हात पडले. तेवढ्यात यास्मिन झाकलेला ट्रे घेऊन आत आली. नवी मेकॅनिक, तिचा हा पाळीचा पहिलाच शुक्रवार. सगळ्यांची तोंडं भरलेली पाहून ती थबकली.

"मी नंतर ठेवते," ती म्हणाली.

"नाही, नाही! इकडे आण!" सिक्स्टेनने घाईघाईने टोपली टेबलाखाली सरकवली. वेलदोड्याचा केक होता. त्याने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. "फार छान झालाय, पोरी."

"साखर कमी पडली का?"

"अजिबात नाही."

बाकीच्यांनी एकेक तुकडा घेतला. पोटं भरली होती. निम्म्याहून जास्त केक तसाच उरला.

यॉर्गन त्याला दारापर्यंत सोडायला आला. याला सिक्स्टेननेच पाना धरायला शिकवलं होतं, आता तो वर्कशॉपचा प्रमुख होता.

"मनावर घेऊ नकोस रे."

"तुझ्या पहिल्या शुक्रवारी कोणी असं केलं असतं, तर मी त्याला हाकलून दिलं असतं. मग मलाही हाकलायला हवं ना?"

"नाही" म्हणायला यॉर्गनला जरा जास्तच वेळ लागला, आणि सिक्स्टेनला तो वेळ ऐकू आला.

"सोमवारी येशील ना?"

"सोमवारी मला काम आहे."

कसलं काम, ते यॉर्गनने विचारलं नाही. आतून कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने सिक्स्टेनचा खांदा दाबला आणि तो आत गेला.