'बो' आणि 'हो'

मारितने मुलीचं नाव 'बो' ठेवलं, तेव्हा माझा नवरा लुबर्ट एवढंच म्हणाला, "बरं. आणि पुढे?"

"पुढे काही नाही, बाबा. बो. झालं."

आम्हा कालव्यांवरच्या बोटवाल्यांत पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. म्हणजे माझं, हिलिख्ये. लुबर्टने ते धरूनच ठेवलं होतं. मी धरलं नव्हतं. मूल माझ्या लेकीचं, मालबोट तिची आणि जावयाची. नावही तिनेच ठेवायचं.

बाळ बघायला माझी नणंद यान्तिना आली. मुलगी झाली की आमच्यात देतात तसा, लोणी लावून वर गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या पेरलेला टोस्ट मी तिच्यापुढे ठेवला. तिने एक घास घेतला आणि विचारलं, "वहिनी, हे नाव आहे की उचकी?"

लुबर्ट खुसखुसला. तेवढ्याने तिला जोर आला. "शहरातल्या लोकांचं ठीक आहे. त्यांच्याकडे कुत्र्यांचीही हीच नावं असतात. आपल्या खडी वाहणाऱ्या बोटीवर कसलं हे थेर?"

"आत्या, टोस्ट खा," मारित म्हणाली. "गोळ्या सांडतायत."

मारित तोंडाने कुणाला हार जात नाही. पण लुबर्ट बाळाला कधी 'छोटी' म्हणायचा, कधी 'आपली पाहुणी'. बो म्हणून एकदाही नाही. ते तिला लागत होतं. आपल्या बापाने घेतल्याशिवाय ते नाव खरं होत नव्हतं, असं काहीसं तिच्या मनात होतं.

मारित बाळंतीण, म्हणून पहिल्या फेरीला आम्ही दोघं मदतीला बोटीवर गेलो. लुबर्ट सुकाणूवर आणि आमचा जावई वीत्से पुढच्या टोकाला दोर घेऊन. कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या त्या अरुंद टाक्यात, बोट शिरते तेव्हा दोन्हीकडे हातभर पाणी उरतं. मागे उभ्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. पुढचा माणूस वॉकीटॉकीवर अंतर सांगत राहतो आणि शेवटी ओरडतो, "हो!" आमच्यात 'हो' म्हणजे थांब. ते ऐकलं की विचार करायचा नसतो, इंजिन उलटं फिरवायचं.

वीत्से सांगत होता, "तीस... पंचवीस..." तेवढ्यात मारित बाळाला उन्हात घेऊन आली. वीत्सेने वळून पाहिलं. नवा बाप तो. बटण दाबलेलंच होतं आणि तोंडून लाडाने निघालं, "बोऽऽ!"

वॉकीटॉकीच्या खरखरीत 'ब' आणि 'ह' कोण वेगळे काढणार? लुबर्टने इंजिन जोरात उलटं फिरवलं. बोटीचा मागचा भाग भिंतीला घासत गेला, स्वयंपाकघरात किटली खाली आली. लॉकचा माणूस कठड्यावरून वाकून म्हणाला, "काय आजोबा, उतरायची घाई झाली का?"

कुणाला काही लागलं नाही. रंग तेवढा गेला. पण आता लुबर्टच्या हातात कोलीत मिळालं होतं. जेवताना पाव कापता कापता तो म्हणाला, "आवडीनिवडीचा प्रश्न नाही हा आता. ज्या नावाने बोट भिंतीवर जाते, ते नाव बोटीवर चालत नाही."

वीत्से खाली मान घालून चीज खात होता. मारितने बाळाकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आई, नाव बदलता येतं का गं?"

तिच्या तोंडून हे येईल असं मला वाटलं नव्हतं. मी लुबर्टला विचारलं, "तू मला काय हाक मारतोस?"

"हिल."

"माझी आई काय मारायची?"

"हिलच."

"हिलिख्ये एवढं लांब नाव आपलं आहे, हे मला चाळिशीत लिहायला शिकले तेव्हा कळलं. लहानपणी बोटीवर शाळा कुठली! बाईंनी फळ्यावर लिहिलं, तर मला वाटलं दुसरीच कुणी बाई वर्गात आहे. बोटीवर लांब हाक मारायला वेळ कुणाला असतो?"

"ते वेगळं," लुबर्ट म्हणाला. "तुझं नाव तोडून आखूड झालंय. मागे काहीतरी आहे. हिच्या नावामागे काय आहे?"

"ही आहे," मारित म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण वीत्सेचं खाणं थांबलं. "बाबा, बोट आमची आहे. नाव राहील. 'हो' जाईल. आजपासून या बोटीवर 'स्टॉप' म्हणायचं."

"स्टॉप? ट्रकवाल्यांसारखं? माझा बाप 'हो' म्हणायचा, त्याचा बाप 'हो' म्हणायचा."

"त्यांच्या बोटीवर बो नव्हती."

लुबर्टने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या पानात लोणी वाढलं. नव्या गोष्टीला पहिल्या दिवशी सगळेच थेर म्हणतात. दुसऱ्या फेरीत जीभ वळते.

पुढच्या लॉकला वीत्सेने सुकाणू घेतलं. दोर घेऊन पुढे जायची पाळी लुबर्टची. मी त्याच्यापासून चार पावलांवर बटाटे सोलत होते. "दहा... पाच... दोन..." मग त्याचं तोंड उघडलं, ओठ गोल झाले, आणि तोंडाशी आलेला शब्द त्याने गिळला.

"स्टॉप," तो पुटपुटला.

बोट जागच्या जागी थांबली, तरी वॉकीटॉकीवर वीत्सेचा आवाज आला, "बाबा, नीट ऐकू नाही आलं. काय म्हणालात?"

"स्टॉप म्हणालो. आणि मला ओरडायला लावू नकोस. बो झोपलीय."

मागे मारित सुकाणूच्या केबिनपाशीच उभी होती. तिने ऐकलं. मी खाली मान घालून बटाटे सोलत राहिले.