यंत्राची बटाई

खुशालरावांनी बैलजोडी विकून डबा घेतला, ही बातमी गावभर व्हायला एक दिवस पुरला. हसायला मात्र लोकांना अख्खा पावसाळा पुरेना. जोडी तरी साधी होती का? पोळ्याला तोरणाखाली पहिल्या मानानं उभी राहणारी जोडी ती! आणि तिच्या बदल्यात काय, तर बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत जुन्या रेडिओची आतडी, वर काचेखाली एक काटा. कौशल्याबाई तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या, तेव्हा खुशालरावांना वाटलं, न बोललेल्याच बऱ्या होत्या.

पण त्यांनी जे पाहिलं होतं, ते गावानं कुठं पाहिलं होतं?

त्याचं असं झालं. देवमन हा अकोल्यातल्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, फिटर. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला, बोलायला कमी, हाताला खरा. फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचा. खुशालराव आपला मुका झालेला रेडिओ घेऊन त्याच्या खोलीवर गेले. देवमननं रेडिओ बाजूला सारला आणि म्हणाला, "भाऊ, एक गंमत पाह्यता काय?" डब्यातून दोन तारा निघालेल्या, तारांच्या टोकांना दोन पितळी खिळे. ते त्यानं मूठभर कोरड्या कापसात खुपसले. काटा गप्प. मग तोच कापूस तोंडाजवळ नेऊन त्यानं त्यावर एक लांब श्वास सोडला आणि पुन्हा खिळे खुपसले. काटा उठला!

नुसत्या श्वासानं हो! पाण्याचा थेंब नाही, काही नाही. माणसाच्या छातीतली ओल त्या काट्याला कळली. खुशालरावांच्या अंगावर शहारा आला. "अरे बाप्पा!" ते म्हणाले. "आनखी एकदा कर." मग म्हणाले, "सरक, आता मी करतो." पन्नाशीचा माणूस, डोक्याला फेटा, आणि संध्याकाळ होईस्तोवर कापसावर फुंकर घालत बसला. रेडिओ तिथंच राहिला.

कापसाच्या बाजारात ओल म्हणजे काय प्रकरण असतं, ते ज्यानं गाडी नेली त्यालाच विचारावं. व्यापारी गाडीत हात घालणार, दोन बोटांत कापूस चिमटणार, तोंड वाकडं करणार आणि म्हणणार, "ओला हाय." झाली कपात. त्या दोन बोटांपुढं कोणाचं काही चालत नसे. आणि इथं एक काटा, ज्याला ना तोंड ना पोट!

देवमनला असे चांगले डबे बनवायचे होते. बँकेनं तारण मागितलं. सावकारानं बायकोचे दागिने मागितले, ते तिच्या, शालूच्या, अंगावर नव्हतेच. दोघांचा प्रश्न एकच, चाललं नाही तर? खुशालरावांना हा प्रश्नच खुळा वाटला. जन्मभर त्यांनी वावरं बटाईनं दिलेली. "पाह्य देवमन," ते म्हणाले, "पैसा माहा, मेहनत तुही. पिकलं त अर्धं अर्धं. नाई पिकलं त तू माहं काई देनं लागत नाईस. पाऊस काय तुह्या हातात हाय का माह्या?"

असा व्यवहार देवमनला कोणी सांगितलाच नव्हता. तो म्हणाला, "माही एक अट हाय, भाऊ. काटा जे सांगन तेच मी सांगीन. गाडी कोनाचीबी असो."

"अबे, त्याच्यासाठीच त पैसा लावून राहिलो!"

जोडी विकली ती अशी. देवमननं नोकरी सोडली. खुशालराव आठवड्यातून एकदा खोलीवर जाऊन दोन-दोन तास बसू लागले, आणि जाताना खांद्याला घरच्या पाण्याची छागल अडकवून जात. शालूनं पहिल्या दोन खेपांना त्यांच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला. तो तसाच राहिला. तिसऱ्या खेपेला तिनं ठेवला नाही. माणसाच्या अकलेवर जोडी लावली, पण त्याच्या घरचं पाणी चालेना! खुशालरावांना यात काही वावगं वाटलं नाही. सांगायला मला लाज वाटते, पण नाही वाटलं.

दिवाळी झाली, कापूस निघाला. तीन जिनिंगांसाठी खरेदी करणारे किसनराव यांनी शब्द दिला. भर बाजारात, सगळ्यांसमोर गाड्या तपासा. काटा खरा ठरला तर दहा डबे घेतो. खोटा ठरला तर हे खेळणं पुन्हा बाजारात आणायचं नाही. म्हणजे देवमनची नोकरी गेलेलीच, खुशालरावांची जोडी गेलेलीच, आणि उरलंसुरलं सगळं त्या एका सकाळवर. त्यात खुशालरावांना हौस केवढी! "पयली गाडी माही," ते म्हणाले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

देवमननं त्यांच्या गाडीत खिळे खुपसले. काटा उठला, तो थेट ओलीच्या लाल खुणेवर जाऊन उभा राहिला.

बाजार खदखदून हसला. "काय हो!" किसनराव म्हणाले, "खुशालरावांचा कापूस अन् एवढा ओला? तीन पिढ्यांत कोनी आयकलं नाई."

खुशालरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या क्षणी त्यांना आठवलं. गाडी भरताना कौशल्याबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. एक थर झाला की हातानं शिंपण, दुसरा थर झाला की शिंपण. खुशालरावांची आई तशीच उभी राहायची, आजीही. चाकाला वंगण घालावं तसं ते काम. व्यापारी कपात करणारच, मग आपण थोडं वजन चढवलं तर बिघडलं काय? त्याला लबाडी म्हणतात, हे घरात कोणाच्या ध्यानातच नव्हतं. खुशालराव तेव्हा पाठ करून भाड्याचे बैल जुंपत होते. नेहमी पाठच करत.

देवमननं गाडीच्या दुसऱ्या बाजूनं खिळे घातले. तेच.

"बोला," किसनराव म्हणाले. "कापूस ओला, का यंत्र खोटं? तुमी म्हनसान ते मी मानतो."

वाट मोकळी होती. डबा बिघडला म्हटलं की घराण्याचं नाव शाबूत. खुशालरावांनी देवमनकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही, हातही जोडले नाहीत. "ओला हाय," तो म्हणाला.

संताप आला. आधी संतापच आला. याच्यासाठी मी जोडी विकली, आणि यानं भर बाजारात माझंच नाक कापावं? मग त्यांची नजर काट्यावर गेली. तो लाल खुणेवर शांत उभा होता. फेटा कोणाचा, जोडी कोणाची गेली, त्याला काही ठाऊक नव्हतं. बाप रे, खुशालरावांना वाटलं, हा कोणाचाच मिंधा नाही! फुंकर ओळखणारा तो काटा त्यांच्या तीन पिढ्यांचा तांब्या ओळखून मोकळा झाला होता. छाती भरून आली त्यांची. असं काहीतरी जगात आपल्या पैशानं उभं राहिलं!

त्यांनी कोपरापर्यंत हात गाडीत घातला, आतला कापूस ओढून काढला आणि किसनरावांच्या गालाला लावला. "लागते का थंड? माह्या घरी पानी मारलं. यंत्र खरं हाय, मीच खोटा हावो."

मग रांगेच्या शेवटून सुंदराबाई आली. एकटी बाई, एक गाडी, दरसाल कपात. "माहा कापूस पाह्य रे बाबू," ती देवमनला म्हणाली. त्यानं खिळे घातले. काटा जागचा हलला नाही. चार ठिकाणी घातले. नाही हलला.

"काहून हालत नाई? मोडलं काय?" बाई घाबरली.

"नाई माय. तुमचा कापूस कोरडा हाय."

"कोरडाच हाय! वीस वर्सं झाली, मी सांगून राहिली, कोनी आयकते काय?" ती म्हणाली, आणि त्या बिस्किटाच्या डब्याला हात जोडून भर बाजारात रडली. किसनरावांना तिला पुरा भाव द्यावा लागला. दहा डब्यांचा शब्दही त्यांनी पाळला. खुशालरावांच्या गाडीला मात्र जबर कपात बसली.

दुपारी खुशालराव देवमनबरोबर खोलीवर आले. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. शालू दारातच उभी होती.

"पानी देता काय, बाई?" खुशालराव म्हणाले.

तिनं त्यांच्या खांद्यावरच्या छागलीकडं पाहिलं. ती भरलेली होती. "तुमच्याजवळ हाय न घरचं?"

"घरच्या पान्यानं आज लय शोभा केली माही," ते म्हणाले, आणि छागल काढून बाहेर खुंटीला अडकवली.

शालू हसली नाही. "बसा आदी," ती म्हणाली. "आमच्या घरी उभ्या मानसाले पानी देत नसतो."

ते बसले. तिनं गिलास भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला.