सासूचा रानात गेलेला जीव

शेजारचा म्हातारा वारला आणि तोमासाच्या सासूने, ब्रीखिदाने, बोलणंच टाकलं. गुलाम धरणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने गाव सोडून कालुसा जमातीची माणसं समुद्रापलीकडून क्युबात आली, त्यातली ही दोघंच उरली होती. रोज दारात बसून आपल्या बोलीत मनसोक्त भांडायची. आता भांडायलाही कोणी नाही. तोमासाचा नवरा मातेओ इथेच वाढलेला, त्याला येते ती स्पॅनिश. तोही बोटीवर गेलेला. म्हातारी तापाने फणफणत भिंतीकडे तोंड करून पडली. भाजलेली बोय मासळी पुढे ठेवली तरी ढुंकून बघेना.

"आईंचा जीव रानात पळालाय," तोमासा स्वतःशीच म्हणाली.

हे तिला सासूनेच सांगितलेलं. माणसाला जीव तीन: एक डोळ्याच्या बाहुलीत, एक सावलीत, एक पाण्यातल्या प्रतिबिंबात. एखादा पळाला की माणूस अंथरूण धरतं. बाळंतपणात तोमासा हातची चालली होती, तेव्हा हीच बाई रानात धावली. हाका मारून जीव धरून आणला, मानेतून आत घातला, आणि तो पुन्हा पळू नये म्हणून दारात जाळ केला. पाद्री ओरडला, तर त्यालाही चार शब्द सुनावले. हे उपकार कसे विसरायचे?

पण हाक मारायची कशी? स्पॅनिशला हा जीव कशाला ओ देईल! आणि तोमासाला कालुसा येत होती ती एवढीच, जेवढी सासूने तिच्यावर तोंड सोडताना तिच्या कानावर पडली होती.

मग काय, तेवढीच घेऊन ती घरामागच्या रानात शिरली. "अगं आळशे! मासा करपला! डोळे फुटले का तुझे? चल घरी, जाळं कोण विणणार, तुझा बाप?" घसा बसेपर्यंत ओरडली, रडली, पुन्हा ओरडली. एका झुडपात काहीतरी सळसळलं. तिने झटकन ओंजळ मिटली, धावत घरी आली, सासूच्या मानेवर ओंजळ दाबली आणि दारात जाळ पेटवला.

धुराने म्हातारीला ठसका लागला. "मेले, हे असलं बोलायला कोणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच की, आई!"

"मग नीट तरी बोल! शेळ्या हाकतेस का?" म्हातारी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "किती दिवसांनी आमच्या बोलीत माझ्याशी कोणी बोललं गं पोरी. देव तुझं भलं करो."

तिने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एक शब्द उच्चारला. तोमासाने तो कधी ऐकला नव्हता.

"ही कोणती शिवी, आई?"

"शिवी नाही. आम्ही लेकीला म्हणतो असं. तू कुठून ऐकणार? मी कधी म्हटलंच नाही. म्हण बघू."

तोमासाने म्हटला, चुकीचाच. म्हातारीने पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, आणि मग मासा मागितला.