पोटमा शे

धुरपदाबाईचं तोंड म्हणजे फाटकं पोतं, आत आलं की सांडलंच.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या सुनेचा, कुंदाचा सोनोग्राफीचा फोटो उजेडात धरला. सातवा महिना, आणि पोर हाललं की कुंदा कळवळायची. बाई म्हणाल्या, "बाळ गर्भपिशवीत नाही, पोटात आहे. हिला इथंच ठेवा. ऑपरेशन करावं लागेल."

"ओ माय! पोटमा नही ते काय पाठमा राही?" धुरपदाबाईला हसू आवरेना. एवढं शिकून हेच सांगायचं? बाई पुन्हा समजावू लागल्या, पण ऐकतं कोण! ऑपरेशन म्हटल्याबरोबर हिचे कान मिटले होते. तिची स्वतःची पहिली लेकरं दगावली, मग झालेल्याला दृष्ट लागू नये म्हणून सुपात घातलं, तेव्हा कुठे हा एक लेक, सुपडू जगला. त्या सुपडूचं हे पहिलंवहिलं. तिथं सुरी लावू देते होय? सुनेला घेऊन ती मिळाली त्या एसटीनं सरळ शिंदखेड्याला परतली.

"डॉक्टरीण म्हनस, पोर पोटमा शे!" आळीभर सांगत सुटली. बाया पोट धरधरून हसल्या. थाटात ओटी भरली. कुंदा बिचारी पाटावर वाकडी बसलेली. "आत्याबाई, पोर हालनं का जीव जास. कातडाखालेच शे असं वाटस."

"पहिलटकरीण ना तू," म्हणत धुरपदाबाईनं तिच्या तोंडात पेढा कोंबला.

मग एका सकाळी कुंदा म्हणाली, "आज काहीच दुखत नही." धुरपदाबाई आधी खूश झाली. मग तिनं सुनेचा चेहरा पाहिला अन् तिच्या पोटावर हात ठेवला. आत काहीच हाललं नाही.

धुळ्याला पोट उघडलं, तोवर पोर गेलेलं होतं. मुलगा होता. डोक्यावर दाट जावळ. कुंदा तेवढी वाचली. डॉक्टरीणबाई एका शब्दानं रागावल्या नाहीत, तेच धुरपदाबाईला जास्त लागलं. फडक्यात गुंडाळलेला नातू घेताना तिनं खालमानेनं विचारलं, "बाई, नाळ-वार बी द्या. दोन्ही संगेच पुरसूत."

"वार काढली नाही, आजी. आतड्याला चिकटलीय. ओढली असती तर रक्त थांबलं नसतं, कुंदाही गेली असती. हळूहळू जिरेल ती."

"म्हंजे, कोठे शे ती?"

बाई म्हणाल्या, "पोटात."

या खेपेला तिला बरोबर कळलं.

कुंदा शुद्धीवर आली. पट्टीवरून हात फिरवताना तिच्या बोटांना काहीतरी टणक लागलं. "आत्याबाई, शे ना आजून? पोटमा शे ना?"

धुरपदाबाईला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. फडक्यातलं पोर तिनं पदराखाली झाकलं.