आडव्याच्या चार बोटं खाली

मी एक जुना खांब आहे, मित्रांनो. पण पुढचं सांगण्याआधी तुमचे हात दाखवा. टेप तर आणली नाही ना? गेला महिनाभर माझ्याजवळ जो येतो तो टेप घेऊनच येतो. मोजून झालं की माझ्याकडं असा बघतो, जसं मी काही लपवून ठेवलं आहे.

लपवलं होतंच.

खांबानं आपलं आयुष्य पायापासून वर सांगत जावं, तेच सरळ दिसतं. मला ते जमणार नाही. का, ते शेवटी कळेल.

*तीन फुटांवर*

इथं माझं अंग गुळगुळीत आहे. गोलरक्षकांच्या तळहातांनी ते झालं. पेनल्टीच्या आधी प्रत्येक जण मला एक थाप मारतो. मी ऐनाचं लाकूड. तुलाराम सुतारानं मला तासलं, माझ्या भावाला तासलं आणि आम्हा दोघांना करंजडोह गावच्या एका बांधीत रोवलं. धान कापून बांधी रिकामी झाली की तिथं ‘उगवता तारा फुटबॉल मंडळा’चा खेळ सुरू होई. धानाची धसकटं अनवाणी पायांना टोचत. कोणी थांबत नसे.

आमच्या दोघांमध्ये एक आडवा दांडा होता. त्याला सगळे नुसतं ‘आडवा’ म्हणत. आम्ही दोघं आडव्याच्याही वर दोन हात निघालो होतो. पोरं तिथं सदरे फेकून अडकवत. एवढं लाकूड वर कशाला, असं लोकांनी विचारलं तेव्हा तुलाराम म्हणाला होता, “राहू द्या. कामी येईन कधी.”

ते कामी आलं. कसं आलं, ते कोणाला दिसलं नाही.

*पावणेसात फुटांवर*

इथं एक पितळी खिळा आहे. भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेला, रुंद डोक्याचा. आमच्या मंडळाची एक रीत होती, अजूनही आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंनी केसांना ओला गेरू लावायचा, माझ्याशेजारी उभं राहून जागच्या जागी उडी मारायची आणि डोकं मला घासायचं. ज्याचा लाल डाग सगळ्यात वर, त्याच्या डागावर खिळा. हेडरनं गोल करणाऱ्याचा मान आमच्याकडं मोठा. जागेश्वर नावाच्या एका बुटक्यानं सगळ्यांहून जास्त गोल मारले, पण माझ्या अंगावर त्याची साधी टाचणीसुद्धा नाही. मी तेव्हापासूनच या मोजण्याकडं जरा संशयानं बघतो.

रुंद डोक्याचा खिळा केशवरावांचा. साल एकोणीसशे शहात्तर. तेव्हा ते तेवीस वर्षांचे, अनवाणी. चेंडू कातड्याचा, भिजला की धोंड्यासारखा जड. त्या उडीनंतर पन्नास वर्षं केशवराव एकच वाक्य सांगत आले, लग्नात, तेरवीत, एसटीच्या थांब्यावर:

“माहा खिळा आडव्याच्या चार बोटं खाली हाये.”

*सव्वासात फुटांवर*

इथं भूपेंद्रचा खिळा. तो आजचा कर्णधार, धानाच्या गिरणीत काम करतो. पायात खिळ्यांचे बूट, हलका चेंडू, मोबाइलमध्ये पाहून केलेला व्यायाम. उडी मात्र खरी. मी साक्षीला आहे.

यंदा मंडळाचा सुवर्णमहोत्सव. फलक रंगवून तयार झाला: ‘सर्वकाळातला सर्वोत्तम खेळाडू’. खाली नावाची जागा रिकामी. कोणी म्हणे केशवराव, कोणी म्हणे भूपेंद्र. चार दिवस वाद झाला. अनवाणी पाय मोठे की बूट, कातडी चेंडू मोठा की हलका, तेव्हाची गावं की आताच्या अकादम्या. शेवटी कोणीतरी म्हणालं, भांडता कशाला, खांब उभा आहे, मोजा.

मोजलं. जमिनीपासून. भूपेंद्रचा खिळा सहा इंच वर. आणि आडव्यापासून केशवरावांचा खिळा चार बोटं नव्हे, फूटभर आणि शिवाय आणखी चार बोटं खाली.

टेप पुन्हा लावून पाहिली. मग हसू. पन्नास वर्षांचं वाक्य एका टेपेनं खोटं पाडलं होतं.

“काकाजी,” भूपेंद्र म्हणाला, “बोटं होते का हात होते जी?”

केशवराव हसले नाहीत. जवळ येऊन त्यांनी आपला खिळा चाचपला.

“हा कोनं तरी खाली ठोकला,” ते म्हणाले.

“कोनं? माह्यावर शक घेऊन राहिले का तुमी?”

“तुह्यावर नाई. पन तुहाच खिळा वर हाये ना?”

“मंग जुनं भोक दाखवा! खिळा काढला असंन तं वर भोक राह्यलं असंन. टेप झूट बोलते का?”

“टेप नाई बोलत. मानसं बोलतात.”

त्या दिवसापासून गावाचे दोन भाग झाले. एक भाग म्हणे, म्हातारा थापाड्या. दुसरा म्हणे, पोरांनी खिळा सरकवला. रोज कोणीतरी येऊन माझं अंग नखानं खरवडू लागलं. एक जण भिंग घेऊन आला. केशवरावांनी एसटीच्या थांब्यावर बसणं सोडलं. आणि सगळे, मित्रांनो, शेवटी माझ्याकडंच बघत. जसा मीच चोर.

*पावणेआठ फुटांपासून खाली हात फिरवत*

हर्षा ही केशवरावांची नात. मुलींच्या संघाची गोलरक्षक. गोलरक्षकाचे हात आंधळ्याच्या हातांसारखे असतात, खांब पाठ झालेला असतो. आडव्याच्या फूटभर खाली माझ्या अंगात एक लाकडी खुंटी बसवलेली आहे, वरून रंग दिलेली. डोळ्यांना दिसत नाही. स्टुलावर चढलेल्या हर्षाच्या बोटांना ती लागली.

तिनं पेचकस घालून खुंटी काढली. आत भोक.

“सापडलं!” केशवरावांच्या बाजूचे ओरडले.

“नाई,” हर्षा म्हणाली. “हे खिळ्याचं नोहोय. अंगठा जाते याच्यात.”

“आपल्या आबाजीले खोटं पाडून राहिली का तू?” गर्दीतून कोणी बोललं.

हर्षानं स्टूल उचललं. ती माझ्या भावाकडं गेली. त्याच उंचीवर चाचपलं. तिथंही खुंटी, तिथंही भोक. ती दोन्ही भोकांकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, “भूपेंद्रदादा, हे बोल्टाचे भोकं हायेत. आडवा पह्यले इथं होता.”

“मंग वर कसा गेला?”

एकानं टेप लावली. आडवा तर आताही बरोबर आठ फुटांवर होता.

“थांबा जी,” मागून रत्नाबाई म्हणाल्या. तुलाराम सुताराच्या त्या विधवा. घरी जाऊन आल्या तेव्हा त्यांच्या काखेत लाकडाचा एक ठोकळा होता. चुलीच्या धुरानं काळा, बसून बसून मध्ये चकचकीत. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

मी त्याला ओळखलं. मित्रांनो, तो माझा पाय होता.

*शून्याच्या खाली*

धरणाचं पाणी करंजडोहात येणार, म्हणून सगळं गाव इथं नव्या जागी आलं. लोक आपापल्या घरांची दारं, छपराचे कवेलू, देव बांधत होते. आम्हा खांबांना आणायचं काम एकट्या तुलारामकडं आलं. त्यानं उपटलं तेव्हा माझं बूड कुजलेलं निघालं, भावाचंही. त्यानं दोघांना फूट-फूटभर कापलं. भावाचा तुकडा सगळा भुसा झाला होता, माझा निम्मा तरी धड होता. मग त्यानं पूर्वीइतकंच खोल रोवलं. आडवा बुटका होऊ नये म्हणून वरच्या जादा लाकडात नवी भोकं पाडून तो फूटभर वर चढवला. गोल पुन्हा आठ फुटांचा झाला.

फक्त तोवर ठोकलेले खिळे लाकडाबरोबर फूटभर खाली आले; भूपेंद्रचा इथं आल्यानंतरचा.

ते त्याच्या लक्षात आलं होतं. हातोडी घेऊन तो माझ्यापुढं बराच वेळ उभा होता. मग बायकोला जे बोलला, ते मी ऐकलं. रत्नाबाईंनी गर्दीला तेच सांगितलं:

“थे म्हने, खिळे त्याइचे हायेत, मी कायले हात लावू. अन् खांब कापला म्हनून सांगतलं तं मंडळवाले शिव्या देतीन.”

“वहिनी, एवढ्या दिवसांत बोलल्या काहून नाई तुमी?” केशवरावांनी विचारलं.

“मले कोनं इचारलं, भाऊजी? तुमी सारे खांबालेच इचारून राहिले होते.”

*चार बोटं*

आता आडव्यापासून नव्हे, जुन्या भोकापासून मोजायचं ठरलं. टेप पुढं आली. केशवरावांनी ती बाजूला सारली. स्टुलावर चढले, हर्षानं पाय धरले. जुन्या भोकात आडवा असता तर त्याची खालची कड जिथं आली असती, तिथून खाली त्यांनी स्वतःची बोटं आडवी ठेवली. एक, दोन, तीन, चार.

खिळा अजून खाली होता. पाचवं बोट लागलं.

केशवराव हात तसाच ठेवून उभे. “म्हंजे एक बोट मी वाढवलं,” ते हळू म्हणाले. “पन्नास वर्सं.”

“उतरा जी,” भूपेंद्र म्हणाला.

तो स्वतः चढला. त्याच कडेपासून, त्याच खिळ्यापर्यंत त्यानं आपली बोटं ठेवली. सत्तावीस वर्षांची, गिरणीत पोती उचलून जाड झालेली. बरोबर चार.

“तवा तुमचे बोटं माह्यासारखे असतीन, काकाजी,” तो म्हणाला. “आता वाळले तुमी.” मग त्यानं स्वतःच्या खिळ्याकडं बघितलंसुद्धा नाही आणि उतरून फलक रंगवणाऱ्या पेंटरला म्हणाला, “लिव्ह, भाऊ. काकाजीचं नाव.”

केशवराव दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर होते.

माझं मागणं थोडकं आहे, मित्रांनो. पावसाळ्याआधी मला तेल द्या, बुडाशी पाणी साचू देऊ नका. आणि जुन्या कोणाचीही उंची मोजायला आलात, तर आधी त्याचा पाय कुठं राहिला ते विचारा. मी संशयी आहे, हे कबूल. इतकी वर्षं मोजला गेलो की कोणीही होईल. म्हणून एक गोष्ट तुम्हालाच सांगतो, पुढं बोलू नका. भूपेंद्रचा हात माझ्या अंगाला लागून होता. त्यानं बोटं थोडी फाकवली होती.