बाजू बदल, मन्मथ

"मोंढा हितून हलला की उदगीर मेलं म्हणून समज!" मी ओरडलो.

समोरच्या बाकड्यावरचा व्यंकटी गालातल्या गालात हसला. माझ्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. लक्ष्मम्माने चहाचं पातेलं खाली उतरवलं.

"आवाज चढला. बाजू बदल, मन्मथ."

"अगं, मी कुठं..."

"अख्ख्या मोंढ्याला ऐकू गेलं. गिलास संपस्तोवर बदल."

तिच्या हॉटेलात हा कायदाच आहे. हॉटेल म्हणजे काय, चार पत्रे, दोन बाकडी आणि एक शेगडी. तिथं निवडणुकीवर बोला, आरक्षणावर बोला, देवाधर्मावर बोला, तिची ना नाही. पण ज्याचा आवाज चढला, त्याने हातातला चहा संपेपर्यंत समोरच्याच्या बाजूने बोलायचं. तेही असं, की समोरच्याने "हाव, हेच म्हनायचंय मला" असं कबूल केलं पाहिजे. नाही तर चहा बंद. या कायद्याची शिक्षा सगळ्यात जास्त मीच भोगली आहे. मी मापाडी. पोत्याच्या वजनात ग्रॅमभर चूक होऊ देत नाही, पण तोंड उघडलं की माझं मलाच आवरत नाही.

त्या दिवशी चार वाजता सभा होती. मोंढा, म्हणजे आमचा धान्याचा बाजार, बायपासला न्यायचा की नाही, यावर हात वर करून मतं घेणार होते. व्यापारी आणि आम्ही मापाडी विरोधात, शेतकरी बाजूने. देवणीकडून सोयाबीन घेऊन येणारा व्यंकटी तर कट्टर. नव्या जागेत गाळे फक्त लायसनवाल्यांना मिळणार होते. म्हणजे लक्ष्मम्माचं हॉटेल गेलं. खरं सांगतो, माझा निम्मा आरडाओरडा त्यासाठीच होता.

मी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं करून सुरू केलं. "तिकडं जागा लई हाय. ट्रॅक्टर अडकनार न्हाईत."

"हे तर शेंबडं पोरगंबी सांगंल," व्यंकटी म्हणाला. "नीट सांग की अप्पा."

माझं डोकं सटकलं. "मग ऐक! हंगामात तू चार-चार तास लायनीत थांबतोस. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड केलं, झालं तुझं. संगं तुझी घरवाली रुक्मिणबाई आसती, ती कुठं जाती? एवढ्या मोंढ्यात बायांसाठी एक आडोसा न्हाई. झाडनाऱ्या, चाळनाऱ्या बाया सकाळपून घोटभर पानी पीत न्हाईत. माझी बायको शिवकन्या धा वर्षं हितं धान्य चाळली, मुतखडा घेऊन घरी बसली. नव्या नकाशात बायांना संडास हाय, नळ हाय. तेवढ्यासाठी तरी हलवा म्हनावं!"

व्यंकटीने हातातला ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "हे तर मलाबी सुचलं नव्हतं, अप्पा."

हे सगळं मला कितीतरी वर्षं ठाऊक होतं. पण माझ्या बाजूचं नव्हतं म्हणून मी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. लक्ष्मम्मा पाठमोरी ग्लास विसळत होती.

"संपला चहा," मी म्हणालो. "आता मी माझ्या बाजूला येतो."

"ये की," ती म्हणाली. मागे वळली नाही.

चार वाजता लिलावाच्या शेडमध्ये मुंगीला जागा नव्हती. बाजार समितीचे सचिव म्हणाले, "मोंढा हलवावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." शेतकऱ्यांचे हात वर गेले. आणि बायकांच्या बाकड्यावरून लक्ष्मम्माचा.

"लक्ष्मम्मा!" मी किंचाळलो. "हात खाली घे! तुझं हाटेल जाईल!"

"म्हाईत हाय."

"मग कशाला?"

"तीस वर्षं मीबी दुपारपत्तुर पानी पीत न्हाई, मन्मथ. मला वाटायचं, ही माझ्या एकलीची अडचन हाय. सगळ्यांची हाय हे तू सांगितलंस."

तिच्या मागे झाडणाऱ्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत हात वर करू लागल्या. विरोधाचं विचारलं तेव्हा माझा हात मांडीवरून उठलाच नाही. ठराव पास झाला.

पण गप्प बसेन तर मी कसला? उडी मारून उभा राहिलो. "एक ऐका! नव्या मोंढ्यात चहाची जागा लक्ष्मम्माला द्या!" व्यंकटीने शिट्टी मारली. शेड टाळ्यांनी दणाणलं. सचिवांनी हसत पेन उचललं.

"थांबा साहेब," लक्ष्मम्मा उठली. "समोरच्या अमरनाथचंबी हाटेल जाऊन राहिलं. त्याला इचारल्याबिगर कसं लिहिता?"

गिऱ्हाइकांवरून भांडण झाल्यापासून बारा वर्षं त्या दोघांचं बोलणं नव्हतं.

"अगं, त्याच्याशी तू बोलत तरी हाईस का?" मी म्हणालो.

"मी कशाला बोलू? तुम्ही बोला की!"

शेडमध्ये हशा उसळला. मी पळतच अमरनाथकडे गेलो आणि गल्ल्यावरून त्याला उठवून, हाताला धरून आणलं. शेडमध्ये बसायला अजूनही कुठेच जागा नव्हती. लक्ष्मम्माने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदर आवरला आणि बाकड्यावर थोडी सरकून बसली.