तीन लाल

सव्वीस वर्षं तो रंगाच्या दुकानात शेड जुळवत आला होता. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका आणून द्यावा आणि याने डब्यात थेंब-थेंब रंग सोडून हुबेहूब तसाच करून द्यावा. त्यामुळे गॅसवर उकळणारा लाल रस्सा त्याने चाखलाच नाही. नुसता निरखत राहिला.

मुलगी दोन वर्षं कोरियात शिकून महिन्यापूर्वी परतली होती. तेव्हापासून काहीही विचारा, उत्तर एकच, "ठीक आहे." जेवण, झोप, नोकरीचा शोध, सगळंच ठीक. तिथे काही बिनसलं का, कळायला मार्ग नव्हता आणि बापाचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या फोटोंत मात्र एका टपरीवर ती खळखळून हसत होती. हातात वाटी, वाटीत तांदळाच्या पिठाच्या बोटभर कांड्या आणि लाल रस्सा. त्तोकबोक्की. ती मुलाखतीहून यायच्या आत तेच करायचं त्याने ठरवलं.

कांड्या वळून झाल्या. घोडं अडलं रंगावर. त्याच्या फोनवरच्या व्हिडिओत रस्सा विटकरी होता. बायकोच्या फोनवर तोच व्हिडिओ लावला तर टोमॅटोसारखा. मुलीच्या फोटोत चक्क केशरी. शेवटी त्याने मिरचीच्या आंबवलेल्या चटणीचं प्रमाण बदलून रस्सा-कांड्यांच्या तीन वाट्या भरल्या आणि पांढऱ्या बशीत तिन्हींचा एकेक ठिपका टाकला.

"भिंतीला लावायचंय की पोटात घालायचंय?" बायको म्हणाली. "चाखून बघा की."

"चाखून काय कळणार? आपण कधी खाल्लंय?"

तेवढ्यात मुलगी आली.

"यातला खरा कोणता?" त्याने बशी पुढे केली.

ती बशीवर वाकली. "नाही सांगता येणार, बाबा."

"दोन वर्षं खात होतीस ना?"

"टपरीवर केशरी ताडपत्री होती. खाली सगळंच केशरी दिसायचं. वाट्या, टपरीवाल्या मावशीचे हात, मी."

दुकानात तो बल्बखाली एकही शेड पास करत नसे, गिऱ्हाइकाला उजेडात नेऊन दाखवी. आणि आज दोन तास तो ताडपत्रीचा रंग शिजवत होता.

तिने पहिल्या वाटीतली कांडी तोंडात टाकली. बराच वेळ चावली. "मीठ जास्त झालंय. कांडी रबर आहे नुसती. मावशी सुक्या मासळीचं पाणी घालायची. मला ताप होता तेव्हा खोलीवर डबा आणला होता तिने." दुसरी वाटी ओढत ती म्हणाली, "निघायच्या आधी तीन दिवस टपरी बंद होती. रोज जाऊन आले. शेजारच्यांनाही माहीत नव्हतं. बरी आहे की नाही, काहीच कळलं नाही."

बायकोने हळूच खुर्ची सरकवली आणि तिच्याजवळ बसली.

"म्हणजे हे तसं नाही झालं?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही," मुलगी म्हणाली आणि तिसऱ्या वाटीसाठी हात पुढे केला.

पास झालेल्या शेडचं प्रमाण लगेच झाकणावर लिहायची त्याची जुनी सवय. सवयीने त्याने पेन काढलं, चटणीच्या डब्याचं झाकण हातात घेतलं, आणि तिन्ही रिकाम्या वाट्यांकडे आळीपाळीने बघत तसाच उभा राहिला.